पॉलिमायाल्जिया: गोळी उतरवताना आजार उचल खातो तेव्हा

सकाळी अंबाडा घालता आला, की त्या दिवशी माझा आजार झोपलेला असतो. हात खांद्याच्या वर जाईनात आणि सुनेला हाक मारायची वेळ आली, की समजायचं, जागा झालाय.

पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका, म्हणजे खांदे-खुबे सुजून ताठरण्याचा आजार, हे नाव कानावर पडलं तेव्हा मी ६७ वर्षांची होते. त्याआधीचे पाच महिने कॅल्शियम, शेक, मालिश आणि 'आता वय झालं' यांवर काढले होते. मग संधिवाततज्ज्ञांनी प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाची कड न धरता उठून बसले. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांचं निदान कालपरवा झालंय त्यांनी मात्र एक धरून चालावं: गोळीचा डोस चढतो एका दिवसात, पण उतरवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पुष्कळांना त्याहूनही जास्त. आणि उतरताना निम्म्याच्या आसपास लोकांना आजार एकदा तरी परत उचल खातो. डॉक्टर त्याला 'फ्लेअर' म्हणतात. मला तो दोनदा आला. पहिल्या वेळी मी जे केलं ते करू नका म्हणून सांगते, दुसऱ्या वेळी केलं ते कसं करायचं म्हणून सांगते.

डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम, ते मी करणार नाही. मी बँकेत ३४ वर्षं खाती जुळवली. मला जमतं ते एवढंच: घरात काय नोंदवायचं, कधी फोन उचलायचा, आणि डॉक्टरांसमोर काय घेऊन बसायचं.

आजाराबद्दल थोडं

हा पन्नाशीनंतरचा आजार, बहुतेकांना सत्तरीच्या आगेमागे होणारा, बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. उत्तर युरोपात, विशेषतः स्कँडिनेव्हियात, सर्रास दिसतो. १८८८ साली विल्यम ब्रूस नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि आजचं नाव स्टुअर्ट बार्बर यांनी १९५७ साली दिलं. आपल्याकडे तो कमी, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनी वर्षानुवर्षांत एखादाच रुग्ण पाहिलेला असतो. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

नावात 'मायाल्जिया' म्हणजे स्नायूदुखी असली तरी सूज खरी असते ती खांद्या-खुब्याच्या सांध्याभोवतीच्या पिशव्यांना आणि स्नायूबंधांच्या आवरणांना. म्हणून दोन्ही खांदे, दोन्ही खुबे, मान असं जोडीने धरतं. आणि सकाळी सगळ्यात वाईट असतं, कारण सूज चेतवणारं इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन पहाटे वाढतं. दुपारी तीनला मी अगदी ठणठणीत दिसते. पाहुण्यांना वाटतं, सासूबाई सकाळी नाटकं करतात.

डोसचा सर्वसाधारण आराखडा माहीत असलेला बरा. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१५ साली एकत्र शिफारशी केल्या: सुरुवात दिवसाला १२.५ ते २५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनने, चार ते आठ आठवड्यांत १० वर, आणि तिथून पुढे दर चार आठवड्यांनी १ मि.ग्रॅ. खाली. आपल्याकडे १ मि.ग्रॅ.ची गोळी बऱ्याच दुकानांत मिळत नाही. त्याची सोयही त्याच शिफारशींत आहे: १.२५ची पायरी. २.५ची गोळी अर्धी केली की झालं. म्हणजे १०, ८.७५, ७.५, ६.२५, ५ असा जिना.

पहिली पायरी: भिंतीवर हिशेब मांडा

फ्लेअर ओळखायची तयारी फ्लेअर येण्याआधी करायची असते. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. पूर्वी त्यावर दुधाचा हिशेब असायचा, आता माझा असतो. रोजच्या चौकटीत तीन गोष्टी लिहिते. वर डोस. मध्ये सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला ते. खाली अंबाडा: बरोबरची खूण किंवा फुली.

मिनिटं मोजायची कशी, तर डोळे उघडल्यावर घड्याळ बघायचं आणि हालचाल मोकळी झाली असं वाटलं की परत बघायचं. दहा-पंधरा मिनिटं तर वयाची असतात. पाऊण तासाच्या वर जाऊ लागली की आजाराची. अंबाड्याऐवजी तुमची खूण वेगळी असेल: बनियनच्या बाहीत हात जाणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, भारतीय संडासातून नळ न धरता उठणं. कोणतीही एक निवडा, पण रोज तीच. आज डबा, उद्या बनियन असं केलं तर आकडे जुळत नाहीत.

आणि डोस बदलला त्या तारखेला लाल गोल. पुढचं सगळं या लाल गोलावर अवलंबून आहे.

दुसरी पायरी: दुखायला लागलं, की आधी लाल गोलापासून दिवस मोजा

नव्या माणसाची इथेच फसगत होते. डोस कमी केल्यावर दुखलं की ते सगळं आजाराचंच, असं वाटतं. तसं नसतं.

शरीराला रोजची ठरावीक मात्रा मिळायची सवय झालेली असते. ती कमी झाली की ते कुरकुरतं: अंग ठणकतं, थकवा येतो, चिडचिड होते, झोप बिघडते. हे दुखणं सहसा लाल गोलानंतर दोन-चार दिवसांतच सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जास्त असतं आणि दोन आठवड्यांत विरत जातं. सगळं अंग दुखतं, फक्त खांदे-खुबे नाही. चहा सोडणाऱ्याचं डोकं दुखतं, त्यातला प्रकार. याला डोस वाढवायची गरज नसते, कळ काढायची गरज असते.

आजार उचल खातो त्याची चाल वेगळी. पहिले आठ-दहा दिवस, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा, तुम्ही मजेत असता. मग ताठरपणाची मिनिटं चढायला लागतात: १५, २०, २०, ३५, ५०. दुखणं ओळखीच्या जागी, दोन्हीकडे, आणि दर दोन-चार दिवसांनी थोडं जास्त. विरत नाही, साचतं.

हा नियम काही दगडावरची रेघ नाही. पण कॅलेंडरवर आकडे असतील तर दहातल्या आठ वेळा तुम्हाला स्वतःलाच अंदाज येतो, निदान माझा तसा अनुभव आहे.

तिसरी पायरी: हा तिसराच कोणी तर नाही ना?

सत्तरीच्या शरीरात पॉलिमायाल्जिया एकटा राहत नाही. एका वर्षी गौरींच्या दिवशी मी उत्साहात ६३ मोदक वळले. दुसऱ्या दिवशी खांदे भरून आले आणि मी रडवेली झाले. कॅलेंडर बघितलं तर मिनिटं होती १५, दुखत होता उजवा खांदा जास्त, आणि दोन दिवसांत सगळं ओसरलं. ते मोदकांचं दुखणं होतं.

असे बाकीचे सोबतीही ओळखून ठेवा. एकाच खांद्याला दुखतं आणि दुसऱ्याने धरून हात वर केला तरी जात नाही, तर फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांना तो जास्त होतो आणि स्टिरॉइडने साखर वाढलेलीच असते. जिना चढताना, पाटावरून उठताना मांड्यांत जोरच नाही, पण दुखत मात्र नाही, तर ते स्टिरॉइडमुळे स्नायू अशक्त झाल्याचं लक्षण असू शकतं. तिथे डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल. पाठीत एकाएकी, एकाच जागी कळ आली तर मणक्याचं हाड दबलंय का ते बघावं लागतं. मांडीत वळणारे गोळे आणि दुखणं कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळेही येतं. थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, गुडघ्या-खुब्याची झीज हे तर घरचेच. पावसाळ्यात ताप येऊन सांधे धरले तर चिकुनगुन्याची तपासणी आधी. आणि हाताच्या बोटांचे, मनगटांचे सांधे सुजायला लागले तर डॉक्टर निदानच पुन्हा तपासतात, कारण उतारवयातला आमवात सुरुवातीला हुबेहूब पॉलिमायाल्जियासारखा वागू शकतो.

सगळ्यांत आधी वाचायला हवं होतं, पण इथे लिहिते

खालच्यापैकी काहीही झालं तर कॅलेंडर, मोजणी, वाट बघणं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिलाजवळ. फणी लावली तरी टाळू दुखणं, उशीवर डोकं टेकवत नाही असं होणं. भाकरी चावताना जबडा दुखून थांबावं लागणं, थांबलं की बरं वाटणं, परत चावलं की परत दुखणं. एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होणं, अंधुक दिसणं, एकाचे दोन दिसणं, मग ते पाच मिनिटांत निवळलं तरी.

हे जायंट सेल आर्टरायटिसचं लक्षण असू शकतं. पॉलिमायाल्जियाचा हा सख्खा भाऊ. त्यात डोक्याच्या धमन्यांना सूज येते आणि डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. पॉलिमायाल्जियाच्या दर सहा-सात रुग्णांमागे एकाला हा होतो, आणि तो डोस उतरत असतानाही डोकं वर काढतो. याचा डोस वेगळाच असतो, बहुधा ४० ते ६० मि.ग्रॅ., आणि दृष्टी जात असेल तर त्याहूनही जास्त, शिरेतून. 'उद्या सकाळी बघू' हे वाक्य इथे चालत नाही. घरातल्या सगळ्यांना ही चार लक्षणं पाठ करून घ्या, कारण ज्याला होतं तो मनुष्य हटकून म्हणतो, 'पित्त झालंय, जाईल.'

माझी पहिली चूक

आता कबुली. ७.५ वर माझं छान चाललं होतं. भाच्याचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं आणि स्टिरॉइडने माझा चेहरा पुरणपोळीसारखा फुगला होता. फोटोत तसं दिसायचं नव्हतं. शिवाय २.५ची गोळी अर्धी करताना तिचा चुरा व्हायचा, तर ५ची एक गोळी सरळ. म्हणून कोणाला न विचारता ७.५ वरून थेट ५ वर आले.

हिशेबातली माणूस असून मला हे दिसलं नाही. १५ वरून १२.५ केले तेव्हाही २.५च कमी केले होते, पण तो सहावा हिस्सा होता. ७.५ मधून २.५ काढले की तिसरा हिस्सा जातो. आकडा तोच, फटका दुप्पट. जिना खाली जातो तशा पायऱ्या बारीक व्हायला हव्यात. पुष्कळ जण प्रत्येक वेळी सध्याच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच कमी करायचं ठरवतात, त्यामागचं गणित हेच.

सतरा दिवस बरे गेले. अठराव्या दिवशी अंबाड्याची फुली. तेविसाव्या दिवशी कुशीवर वळता येईना. मी घाबरले, आणि दुसरी, पहिलीपेक्षा मोठी चूक केली: कपाटातली २०ची जुनी स्ट्रिप काढून रोज एक घेतली. चार दिवस स्वर्ग. मग अपराधी वाटून परत ५. आठवड्याने मी डॉक्टरांसमोर बसले तेव्हा ताठरपणा दोन तास, जेवणानंतरची साखर २६० आणि चेहऱ्यावर रडू. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काकू, दुखण्यापेक्षा तुमच्या उड्यांची भीती वाटते मला."

चौथी पायरी: फ्लेअरच आहे असं वाटतंय, मग नेमकं काय करायचं

थांबा. पुढची कपात ठरली असेल तर ती करू नका. आहे त्या डोसवर राहा. डोस बंद करून 'बघू शरीर काय म्हणतं' हा प्रयोग तर कधीच नको. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम विसरलेल्या असतात, एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना फोन करा आणि पहिला प्रश्न हा विचारा: डोस वाढवायच्या आधी रक्त देऊ का? सी.आर.पी. आणि ई.एस.आर. या दोन तपासण्या सूज किती आहे ते सांगतात. गोळी वाढवल्यावर सी.आर.पी. भराभर खाली येतो, मग तपासण्यात अर्थ राहत नाही. म्हणून शक्य असेल तर आधी रक्त, मग जादा गोळी. आकड्यांवर आंधळा विश्वासही नको. ई.एस.आर. वय, रक्तक्षय, साधा संसर्ग यांनीही चढतो, सी.आर.पी. सर्दी-खोकल्यानेही. आणि कधी कधी आकडे स्वच्छ असूनही फ्लेअर खरा असतो. रक्त आणि कॅलेंडर दोन्ही टेबलावर ठेवायचं, निर्णय डॉक्टरांचा.

किती वाढवायचं? नवीन माणसाला वाटतं, परत पहिल्यापासून. तसं नसतं. शिफारशी सांगतात की ज्या डोसवर शेवटचं बरं चाललं होतं तिथपर्यंतच वर जायचं, आणि मग चार ते आठ आठवड्यांत हळूहळू त्या डोसपर्यंत परत यायचं जिथे आजाराने उचल खाल्ली. माझा दुसरा फ्लेअर ६.२५ वरून ५ वर आल्यावर चौथ्या आठवड्यात आला. सी.आर.पी. ३ वरून १९. डॉक्टरांनी परत ६.२५ दिले, फक्त एक पायरी. पाचव्या दिवशी अंबाडा.

इथे आणखी एक नोंद ठेवा: वाढवलेल्या डोसने किती दिवसांत फरक पडला. पॉलिमायाल्जिया असेल तर काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात सुधारणा कळते. दहा-बारा दिवस होऊनही ढिम्म असेल तर डोस आणखी वाढवण्याआधी 'हे दुसरंच काही आहे का' हा प्रश्न तुम्ही होऊन विचारा.

मधल्या दिवसांत दुखणं सोसवत नाही म्हणून डायक्लोफेनॅक वगैरे पेनकिलर परस्पर घेऊ नका. या आजारावर त्यांचा फारसा उपयोग नसतो आणि स्टिरॉइडबरोबर घेतल्या तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. 'आमच्या गावच्या वैदूची पुडी' तर नकोच. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांत, काळ्या गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. एक ओळखीच्या बाई अशी पुडी घेऊन अभिमानाने सांगत होत्या, "मी गोळी पाचवर आणली, काही त्रास नाही!" पाच कुठली, पुडीतले किती ते देवालाच ठाऊक. पुडी संपली आणि बाई अंथरुणाला खिळल्या.

औषधाच्या दुकानातही डोळे उघडे ठेवा. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल ही प्रेडनिसोलोनची नावं. डिफ्लाझाकॉर्ट वेगळं: त्याचे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. मेड्रॉल, म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, आणखी वेगळं: त्याचे ४ म्हणजे ५. 'ते नाही, हे घ्या, सेमच आहे' असं काउंटरवरून आलं की हात मागे घ्या आणि डॉक्टरांना विचारा. उतरणीवर एवढा फरकही पुरतो.

पाचवी पायरी: परत उतरताना मुंगीची चाल

फ्लेअर शांत झाला की लगेच उतरायची घाई होते. मी तिथे चार आठवडे मुक्काम केला, कॅलेंडरवर सलग २८ बरोबरच्या खुणा येईपर्यंत.

मग डॉक्टरांना विचारून एक रीत वापरली. ब्रिटनमधल्या रुग्णांमध्ये ती बरीच रूढ आहे, तिला ते 'डेड स्लो अँड निअरली स्टॉप' म्हणतात. मी मुंगीची चाल म्हणते. नवा डोस एक दिवस, जुना सहा दिवस. मग नवा एक, जुना पाच. नवा एक, जुना चार. असं करत एक नवा, एक जुना. तिथून उलट: जुना एक, नवा दोन, मग जुना एक, नवा तीन, शेवटी जुना एक, नवा सहा. एक पायरी उतरायला साडेसात आठवडे लागतात. कंटाळवाणं आहे, आणि आज कोणता डोस हे विसरायला होतं, म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या चौकटींत डोस लिहून टाकते. शरीराला कपात कळतच नाही असं नाही, पण ते ओरडत नाही.

गोळी सकाळी, न्याहारीबरोबर, एकदाच. उपासाच्या दिवशीसुद्धा. नवरात्रात माझ्या जावेने 'नऊ दिवस पोट रिकामं, मग गोळी कशी घेऊ' म्हणून गोळीच बंद ठेवली होती, तिची दम्याची. तसं करू नका. राजगिऱ्याची वडी आणि दूध घ्या, पण गोळी घ्या. साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर मात्र टाळा. सकाळच्या स्टिरॉइडने साखर दुपारी-संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची बरोबर येते आणि माणूस फसतो. मोजायची तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी.

हाडं, डोळे, रक्तदाब यांची नावं घेऊन पुढे जाते: हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, मोतीबिंदू-काचबिंदूची वार्षिक तपासणी, नागिणीच्या लसीबद्दल विचारणा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला तर

एकाच डोसवर अडखळायला होतं, परत परत. तेव्हा स्टिरॉइड कमी करायला मदत म्हणून डॉक्टर मेथोट्रेक्सेट सुचवू शकतात, बहुधा आठवड्याला ७.५ ते १० मि.ग्रॅ. 'आठवड्याला' हा शब्द लाल शाईने लिहा. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. घरात डबी भरणाऱ्या माणसालाही हे माहीत हवं. एक वार ठरवा आणि कॅलेंडरवर फक्त त्याच वारी खूण करा. इंटरल्यूकिन-६ला अडवणारी इंजेक्शनंही आहेत. त्यांतल्या सॅरिल्युमॅबला अमेरिकेत २०२३ साली नेमकी याच आजारासाठी, स्टिरॉइड उतरवता न येणाऱ्यांकरता मान्यता मिळाली. टोसिलिझुमॅबवरही चाचण्या झाल्या आहेत. ती महाग असतात आणि आधी क्षयरोगाची तपासणी लागते, कारण आपल्या देशात दबून बसलेला क्षय पुष्कळांच्या अंगात असतो. ही इंजेक्शनं घेताना सी.आर.पी. औषधामुळेच खाली राहतो, म्हणजे तो फ्लेअर ओळखायच्या कामाचा राहत नाही. तिथे कॅलेंडरच खरं.

पाचच्या खाली

५ मि.ग्रॅ.च्या आसपास जिन्याचा स्वभाव बदलतो. शरीर स्वतः रोज जेवढं स्टिरॉइड बनवतं त्याच्या जवळपास ही मात्रा येते. आता झोपलेल्या ग्रंथींनी उठून कामाला लागायचं असतं, आणि त्यांना वेळ लागतो. इथे जो त्रास होतो तो आजाराचाही नाही, सवय मोडल्याचाही नाही: अतोनात थकवा, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, भूक न लागणं, वजन उतरणं. खांदे-खुबे मोकळे आणि तरी अंगात प्राण नाही असं वाटलं, तर कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडची, तपासणी करायची का ते विचारा.

ती सकाळी आठ-नऊच्या सुमाराला होते. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, म्हणजे आधीच्या गोळीला २४ तास झालेले असतात. २०२४ साली युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शिका काढली तिच्यानुसार कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर ग्रंथी जाग्या झाल्या, ५च्या खाली असेल तर अजून झोपेत, मधलं असेल तर थोडं थांबून परत. झोपेत असतील तर कपात थांबते, घाबरायचं नसतं.

आणि या काळात ताप, जुलाब, ऑपरेशन, दाढ काढणं यांतलं काहीही आलं तर डोस तात्पुरता वाढवावा लागू शकतो, कारण आजारपणात निरोगी शरीर जास्त स्टिरॉइड बनवतं आणि आपलं बनवू शकत नाही. किती वाढवायचा, किती दिवस, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी रुग्णालयात जायचं, घरी लिंबू-सरबत पीत बसायचं नाही. माझ्या पाकिटात आधारकार्डाच्या मागे एक चिठ्ठी आहे, मराठीत आणि इंग्रजीत: 'मी तीन वर्षं प्रेडनिसोलोन घेते. एकदम बंद करू नये. आजारी असल्यास डोस वाढवावा लागतो.' खाली मुलाचा आणि डॉक्टरांचा नंबर. रिक्षात चक्कर आली तर बोलायला मी शुद्धीवर असेनच असं नाही.

सध्या मी ३.७५ वर आहे. एक २.५ची, एक अर्धी. मागच्या आठवड्यात ठणका होता, पण तो लाल गोलानंतर तिसऱ्या दिवशी सुरू झाला आणि दहाव्या दिवशी गेला, म्हणून मी गप्प बसले. येत्या मंगळवारच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलंय: 'रक्त ८ वाजता. गोळी नंतर.' आणि त्याच्या खाली, सुनेच्या अक्षरात: 'चहाही नंतर?' तिला सांगितलं, चहा चालतो की नाही ते लॅबला फोन करून विचार.